सड्यावरचा वारा आणि पडवीतील नोंदवही

हवामानाची घरगुती नोंद ठेवण्याचा छंद ज्याने काही वर्षे मनापासून सांभाळला आहे, त्याला एक अडचण फार लवकर उमगते: वारा जेथे निर्वेध वाहतो तेथे माणूस राहत नाही, आणि माणूस जेथे राहतो तेथे वारा निर्वेध वाहत नाही. आमच्या सिंधुदुर्गात तर ही अडचण भूगोलानेच घालून ठेवली आहे. वर जांभ्या दगडाचा उघडाबोडका सडा, त्याची कड उतरून आले की आंबा-काजूची उतरण, आणि अगदी तळाशी, वहाळाच्या काठी, माडापोफळींच्या सावलीत घरे. कारण पाणी खाली आहे, माती खाली आहे आणि आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्यापासून आसराही खालीच आहे. पूर्वजांनी निवडलेली ही जागा राहण्यास जितकी उत्तम, तितकीच हवामान मोजण्यास अयोग्य होय. म्हणून मापके सड्यावर आणि वाचन घरात अशी विभागणी पत्करावी लागते, आणि ती पत्करली की दोहोंच्या मध्ये संदेश पोहोचविणारा कोणी मध्यस्थ नेमावा लागतो. हा मध्यस्थ म्हणजे रिपीटर. दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्यावर प्रथम स्वतःच्या घरासाठी आणि पुढे पंचक्रोशीतील बागायतदारांसाठी व शाळांसाठी असे रिपीटर बसविण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या कामाने जे शिकविले, ते जिज्ञासूंच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

सरकारी वेधशाळा असताना घरोघरी हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मला वारंवार विचारण्यात आला आहे. भारतीय हवामानशास्त्र विभाग 1875 पासून अस्तित्वात आहे, आणि त्याच्या दप्तरी जमा असलेल्या नोंदींविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु पाऊस आणि वारा हे काही तालुक्याच्या हद्दी पाहून वागत नाहीत. 26 जुलै 2005 च्या त्या भीषण दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, ती अवघी 73 मिलिमीटर होती. एका शहराची ही कथा, तर डोंगर, दरी, सडा आणि खाडी यांनी चिरफाळलेल्या आमच्या मुलखात एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाच्या उपयोगी किती पडणार? आंब्याच्या बागायतदाराला तर हा प्रश्न थेट पोटापाण्याचा आहे. मोहोर फुटण्याच्या सुमारास रात्रीचा गारवा किती उतरला, पहाटेची आर्द्रता किती वेळ टिकली, फाल्गुनात ऊन एकाएकी किती चढले, यांवर करप्याची, तुडतुड्यांची आणि फळगळीची बरीचशी मदार असते. आणि हे सारे त्याच्या बागेतले असावे लागते, जिल्ह्याच्या ठिकाणचे असून भागत नाही.

आता या यंत्रांची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. सड्यावरील खांबावर वाऱ्याचे मापक, पर्जन्यमापक व तापमान-आर्द्रतेचे सेन्सर असतात. त्यांच्या जोडीला असलेला छोटा प्रक्षेपक दर अडीच-तीन सेकंदांनी आपले वाचन रेडिओलहरींवर पाठवितो, आणि घरातील कन्सोल ते ग्रहण करून दाखवितो. आपल्या देशात 865 ते 867 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी 2005 पासून परवान्यावाचून खुला करण्यात आला आहे आणि माझी यंत्रे त्याच पट्ट्यात चालतात. या लहरींची लांबी सुमारे पस्तीस सेंटिमीटर. एवढ्या आखूड लहरी डोंगराची कड ओलांडून पलीकडच्या खळग्यात फारशा वळत नाहीत. मोकळ्या मैदानात 300 मीटर पोहोचणारा संकेत मध्ये एक कड आली की शंभर मीटरवरही मुका होतो. रिपीटर ठेवायचा तो अशा जागी, जेथून वरचा खांबही दिसतो आणि खालचे घरही दिसते. तो वरून आलेला संदेश ऐकतो, तपासतो, आणि जसाच्या तसा नव्या दमाने पुढे पाठवितो.

येथेच या सर्व कामातील पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा धडा येतो. संकेत पोहोचत नाही असे दिसले की मनुष्य सहजच विचार करतो, की खांब थोडा घराकडे आणला तर काय बिघडेल? एका सुविद्य आणि कष्टाळू बागायतदारांनी मला हाच प्रश्न विचारला होता. रिपीटरचा खर्च वाचावा, सड्यावर जाण्याचा त्रास वाचावा, म्हणून त्यांना सारी मापके अंगणाच्या कडेला, पडवीतून दिसतील अशी हवी होती. त्यांच्या संमतीने आम्ही काही महिने दोन्ही जागी तापमापके ठेवून रुजवात घेतली. चिऱ्याच्या भिंतीने आणि अंगणातल्या खळ्याने दिवसभर साठविलेली उष्णता पहाटेपर्यंत बाहेर पडत असल्यामुळे अंगणातले किमान तापमान बागेतल्याइतके कधी उतरतच नसे. आणि घराच्या आडोशाने पश्चिमेचा वारा तर तेथे जवळजवळ पोहोचतच नव्हता. आकडे समोर येताच त्यांनी स्वतःच खांब सड्यावर नेण्याची तजवीज केली. वाऱ्याचे मापक जमिनीपासून दहा मीटर उंच असावे आणि कोणताही अडथळा त्याच्या उंचीच्या दहापट अंतरावर असावा, हा आंतरराष्ट्रीय दंडक उगीच घालून दिलेला नाही. घरगुती नोंदीत तो तंतोतंत पाळणे प्रत्येकाला साधेलच असे नाही. पण त्याच्या दिशेने जाणे साधते.

या बाबतीत आपल्याच किनाऱ्यावरचे एक उदाहरण मला नेहमी मार्गदर्शक वाटत आले आहे. मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी दूषित होतील हे तेथील संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. ट्राम थांबविणे शक्य नव्हते, आणि दूषित नोंदी चालवून घेणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी अलिबाग येथे, लोहचुंबकीय गुण नसलेला दगड निवडून, नवी वेधशाळा उभारविली. 1904 मध्ये तेथील नोंदी सुरू झाल्या, आणि जुन्या-नव्या जागांचा मेळ बसावा म्हणून पुढे 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी घेण्यात आल्या. अलिबागची ती वेधशाळा आजही कार्यरत आहे. नोंदीसाठी योग्य जागा शोधावी, तेथे मापक न्यावे, आणि मग अंतराचा प्रश्न सोडवीत बसावे, हा क्रम त्या पिढीने घालून दिला आहे. आमचे काम त्या मानाने अत्यल्प. पण क्रम तोच.

रिपीटरची जागा निश्चित करणे हे नकाशावर बसून होणारे काम नव्हे. बॅटरीवर चालणारा कन्सोल छातीशी धरून मी कडेकडेने चालत जातो आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबून, पाठविलेल्या संदेशांपैकी शेकडा किती पोहोचले, याचा आकडा वहीत उतरवितो. नवख्या माणसाला या वेळी एक चमत्कार पाहावयास मिळतो. एका जागी नव्वदावर असलेला आकडा अर्धे पाऊल बाजूला सरताच पन्नासावर येतो, आणि आणखी अर्धे पाऊल सरले की पुन्हा पूर्ववत् होतो. कारण असे, की खांबाकडून सरळ आलेली लहर आणि पत्र्यावरून वा कातळावरून परावर्तित होऊन आलेली लहर या दोन्ही तेथे भेटतात. त्या एकमेकींना पूरक ठरल्या तर संकेत बळावतो, विरोधी ठरल्या तर विझतो, आणि हा फरक वीतभर अंतरातही पडू शकतो. म्हणून एखाद्या जागी आकडा वाईट आला एवढ्यावरून ती जागा रद्द करू नये, आणि चांगला आला एवढ्यावरून मंजूरही करू नये. आजूबाजूला, वर-खाली, निरनिराळ्या वेळी पडताळा घेऊन मगच खड्डा खणावा.

दुसरी गोष्ट अशी, की ‘दिसणे’ या क्रियेचा अर्थ डोळ्यांना एक आणि लहरीला दुसरा असतो. डोळ्यांना दोन ठिकाणांमध्ये केसाएवढी फट मिळाली तरी पुरते. लहरीला मात्र दोन टोकांना निमुळता आणि मध्ये फुगलेला, सूत भरलेल्या चातीसारखा, मोकळा अवकाश लागतो. अंतर सहाशे मीटर असेल तर या पट्ट्यातल्या लहरींसाठी त्या अवकाशाची मध्यावरची त्रिज्या सुमारे सात मीटर भरते, आणि तिचा निदान साठ टक्के भाग निर्वेध राहिला तरच संकेत निर्धास्तपणे पोहोचतो. म्हणजे दोन्ही खांबांची टोके एकमेकांना दिसत असूनही मधल्या झाडांचे शेंडे दृष्टिरेषेच्या खाली चार मीटरपेक्षा जवळ आले, की नुकसान सुरू झाले.

हे गणित कागदावर रुक्ष वाटते. पण एका काजूच्या बागेत त्याचा प्रत्यय आम्हांस अत्यंत स्पष्टपणे आला. तेथे चैत्रात दुसऱ्या कोणी रिपीटर बसविला होता आणि तो उत्तम चालत असे. आषाढ लागला आणि संदेश तुटू लागले. मालकांची पक्की समजूत अशी, की पावसाच्या धारांनी संकेत अडतो. वस्तुतः या पट्ट्यातील लहरींना पावसाच्या थेंबांचा उपद्रव नगण्य असतो. अडथळा होतो तो पानांचा, आणि विशेषतः भिजलेल्या पानांचा. चैत्रात निष्पर्ण असलेले किंजळ आणि ऐन हे वृक्ष आषाढात पालवून, पाण्याने निथळत, त्या मधल्या अवकाशात उभे राहिले होते. मालक तत्काळ झाडे तोडावयास निघाले. मी हात जोडून त्यांना थांबविले, आणि आम्ही खांबाला वर दोन मीटरची आणखी एक नळी जोडून तिला तीन बाजूंनी ताणाच्या तारा दिल्या. झाडे राहिली आणि संदेशही राहिला. तेव्हापासून माझा शिरस्ता असा आहे, की जागेची पाहणी शक्यतो श्रावणात करावी, आणि उन्हाळ्यात करणे भागच पडले तर हिरव्या पानांचा वाटा आधीच हिशेबात धरून उंची वाढवून घ्यावी.

भिंतींचेही असेच आहे. 1895 साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे विद्युत्‌लहरी पोहोचवून तेथील घंटा वाजवून दाखविली, तेव्हापासून लहर भिंतीतून जाते हे सर्वांस ठाऊक आहे. पण किती उरते, हे भिंतीवर अवलंबून असते. सुका चिरा बराचसा संकेत सोडतो. चार महिने पाणी पिऊन शेवाळलेला चिरा पुष्कळसा गिळतो. सळयांचा स्लॅब आणि छपराचा पत्रा तर जवळजवळ सारा परतवून लावतात. घरातला कन्सोल नुसता आतल्या खोलीतून काढून पडवीच्या खिडकीत ठेवल्याने रिपीटरची गरजच उरली नाही, असे माझ्या पाहण्यात अनेकदा आले आहे. रिपीटर बसविणाऱ्याने प्रथम तो टाळता येतो का हे पाहावे. साखळीत आणखी एक दुवा घातला, की आणखी एक बॅटरी, आणखी एक पेटी, आणखी एक चिंता पदरी पडते.

दोन दऱ्यांपलीकडच्या एका शाळेचे काम आले तेव्हा दोन रिपीटरांची साखळी करावी असा सर्वांचा आग्रह होता. त्याऐवजी एकच रिपीटर ठेवून त्याला दिशादर्शी अँटेना लावण्याचे मी सुचविले. 1926 च्या सुमारास जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी जगापुढे मांडलेली ही अँटेना, आडव्या दांड्यांची रांग असलेली, आपल्या घरांच्या छपरांवर दूरदर्शनच्या काळात सर्वांनी पाहिली आहे. ती आपली शक्ती चहूकडे न उधळता एकाच दिशेला एकवटते. गावातील एका कुशल फिटरने ती मोठ्या निगुतीने चढविली, दिशा अचूक साधली, आणि तरीही शाळेत संकेत येईना. दांड्या त्याने दूरदर्शनच्या अँटेनेप्रमाणे जमिनीला समांतर ठेवल्या होत्या आणि शाळेतल्या कन्सोलची अँटेना उभी होती. लहर ज्या पातळीत कंप पावते त्याच पातळीत ती झेलावी लागते. अँटेनेचा नटबोल्ट सैल करून ती पाव फेरा फिरविली, दांड्या उभ्या केल्या, आणि खाली शाळेच्या व्हरांड्यात मुलांचा एकच गलका झाला; आकडा शून्यावरून नव्वदाच्या पुढे गेला होता.

याच शाळेत पुढे एका कोरड्या दिवशी पावसाची नोंद झाली. शिक्षकांनी यंत्र नादुरुस्त असल्याची तक्रार केली. चौकशीअंती असे आढळले, की शेजारच्या वाडीतील एका गृहस्थांनी तशाच बनावटीचे यंत्र आणले असून दोघांच्या प्रक्षेपकांवर ओळखक्रमांक एकच आहे. ते गृहस्थ आपले पर्जन्यमापक धूत होते आणि त्यांनी ओतलेले पाणी शाळेच्या नोंदीत रुजू होत होते. या यंत्रांत असे आठच क्रमांक असतात. तेव्हापासून कोणाकडे कोणता क्रमांक आहे, कोणता रिपीटर कोणाचे ऐकतो, याची एक फर्द आम्ही पंचक्रोशीपुरती करून ठेवली आहे, आणि नव्याने यंत्र घेणारा प्रथम ती पाहून जातो.

रिपीटरचे खरे शत्रू मात्र लहरींच्या शास्त्रात नसून ऋतूंमध्ये आणि जीवसृष्टीत आहेत. आषाढात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही, म्हणून सौर फलक आणि बॅटरी यांचा हिशेब उन्हाळ्यावरून न करता त्या काळोख्या पंधरवड्यावरून करावा लागतो. फलक थोडा अधिक उभा ठेवला तर पावसानेच धुऊन निघतो आणि त्यावर शेवाळ धरत नाही. पेटीत जाणारी केबल खालच्या बाजूने घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशीच गळून जाते. हवा खेळण्यासाठी ठेवलेले छिद्र बारीक जाळीने झाकले नाही तर कुंभारीण माशी ते मातीने लिंपून टाकते आणि मुंग्या आत अंडी घालतात. वळवाच्या दिवसांत सड्यावरचा एकटा खांब विजेला आमंत्रणच देतो. अर्थिंगवाचून तो उभा करणे म्हणजे आसपास वावरणाऱ्यांच्या जिवाशी खेळणे होय.

एवढे सारे करूनही संदेश कधीतरी तुटतोच, आणि तेव्हा काय करावे हा प्रश्न तांत्रिक न राहता नीतीचा होतो. पाऊस आणि वारा यांच्यात येथे मोठा भेद आहे. माझ्या यंत्रातील पर्जन्यमापकाची पाळणेवजा वाटी दर 0.2 मिलिमीटरला एकदा कलंडते आणि प्रक्षेपक त्या कलंडण्यांची चढती बेरीज पाठवीत राहतो; त्यामुळे मधले काही संदेश हरवले तरी पुढच्या संदेशात पावसाचा हिशेब पुरा होतो. मात्र ही बेरीज 128 झाली की पुन्हा शून्यापासून सुरू होते; म्हणजे खंडाच्या काळात 25.6 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला तर तो हिशेबही संशयास्पद ठरतो, आणि आमच्याकडे एवढा पाऊस एका तासातही पडतो. वाऱ्याच्या झोताला तर ही सवलतही नाही. तो आला त्या क्षणी संदेश पोहोचला नाही, तर तो कायमचा गेला.

एका वादळी रात्रीनंतर असाच खंड पडलेला पाहून एका तरुण मित्राने शेजारच्या गावातील आकडे त्या जागी भरावे असे सुचविले. आलेख अखंड दिसेल, असा त्याचा युक्तिवाद. मी त्याला रिपीटरचाच दाखला दिला. रिपीटर जे ऐकतो ते तपासून पाहतो. संदेशाबरोबर येणारा पडताळ्याचा अंक जुळला नाही, तर तो संदेश अंदाजाने दुरुस्त करीत नाही, पुढेच पाठवीत नाही. आपण त्याहून सैल का वागावे? त्या रात्रीचा रकाना आम्ही कोरा ठेवला आणि शेजारी ‘संदेश खंडित’ एवढाच शेरा मारला. पावसासाठी मात्र सड्यावर एक साधे हाताने मोजण्याचे पर्जन्यमापकही ठेवलेले असते, आणि सरकारी प्रघाताप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता त्याचे माप घेऊन यंत्राच्या बेरजेशी ते ताडून पाहिले जाते. यंत्र घेतले म्हणून ही वही बंद करणाऱ्यांना पुढे पस्तावताना मी पाहिले आहे.

मोबाइलच्या जाळ्यावरून संदेश घरी आणता येत असताना हे रिपीटरांचे जुनाट प्रकरण कशाला, असेही काही जण विचारतात. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळाने त्यांना परस्पर उत्तर दिले. आमच्या भागात वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही, मोबाइलचे मनोरे मूक झाले, रस्त्यांवर झाडे आडवी पडली. आणि त्या अंधारात पडवीतला कन्सोल वाऱ्याचा वेग आणि उतरता वायुभार दाखवीत होता, कारण सड्यावरचा खांब, कडेवरचा रिपीटर आणि घरातले यंत्र यांपैकी कोणीही गावाबाहेरच्या कशावर अवलंबून नव्हते. वाडीतील माणसे त्या रात्री विचारीत होती ती एकच गोष्ट, की जोर ओसरू लागला का; आणि त्यांना आपल्याच सड्यावरच्या वाऱ्याचे उत्तर देता येत होते.

ज्यांना हा छंद लावून घ्यावयाचा आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. प्रथम मापकाची जागा ठरवा आणि ती ठरविताना आपल्या सोयीचा विचार मनात आणू नका. मग उंची वाढवून पाहा, कन्सोल खिडकीत आणून पाहा. आणि तरीही संदेश पोहोचत नसेल तरच रिपीटर बसवा, तोही शक्यतो एकच. त्याची पेटी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर स्वतः चढून उघडून पाहा. वहीतला कोरा रकाना कोराच राहू द्या. संकेत पोहोचत नाही म्हणून मापक जागेवरून हलविणे, हा या कामातला एकमेव प्रमाद असा आहे, की जो पुढच्या कोणत्याही दुरुस्तीने भरून निघत नाही.